बांधावरची शिंदी, गेटावरचा पाम

लक्ष्मीपूजनाला ज्या केरसुणीला आपण हळद-कुंकू वाहतो, ती मुळात शिंदीच्या पानांची. बाजारात आता प्लॅस्टिकचे झाडू ढिगाने मिळतात, तरी त्या एका दिवसासाठी का होईना, शिंदीच्या पात्यांची केरसुणी शोधून आणणारी घरं डोंबिवलीत अजून पुष्कळ आहेत. ही शिंदी म्हणजे पामच. ताड, माड, पोफळ, भेर्ली माड ही सगळी त्याच कुळातली. पण सोसायटीच्या सभेत ‘गेटापाशी दोन्ही बाजूंना पाम लावू या’ असा ठराव झाला की यांपैकी एकाचंही नाव निघत नाही. नर्सरीवाल्याची यादी ठरलेली असते: बॉटल पाम, फॉक्सटेल, अरेका. टेम्पो येतो, खड्डे होतात, आठ-दहा फुटी पाम उभे राहतात. पुढच्या दोन-तीन वर्षांत त्यांतले निम्मे पिवळे पडतात आणि माळ्याला बोल लागतो.

हा लेख त्या पिवळ्या पडलेल्या पामांविषयी आहे आणि बांधावर कुणीही न लावता वाढलेल्या शिंदीविषयीही. कोपरसारख्या ठिकाणी उघड्यावर, वाऱ्या-पावसात, फार लाड न करता टिकेल असा शोभेचा पाम कोणता आणि त्याला सांभाळायचं कसं, हा प्रश्न दिसतो त्याहून मोठा आहे. दिव्यापासून कल्याणपर्यंत खाडीकाठच्या शेकडो नव्या वसाहतींपुढे तो उभा आहे.

कोपरची जमीन आधी समजून घ्यायला हवी. दिवा आणि डोंबिवली यांच्यामधलं हे स्टेशन दोन मजली आहे. खाली मध्य रेल्वेची मुख्य लाइन, वर दिवा-वसई मार्गाचे फलाट. वरच्या फलाटावरून वसईकडे निघालेली गाडी थोड्याच वेळात उल्हास खाडीवरचा पूल ओलांडते. म्हणजे भरती-ओहोटीचं खारं पाणी इथून हाकेच्या अंतरावर आहे. खारफुटी, खाजण, भाताची खाचरं, मिठाने माखलेले बांध हा या पट्ट्याचा मूळ चेहरा. आज त्यावर इमारती उभ्या आहेत त्या भरावाच्या आधाराने. भरावात काय असतं? मुरूम, दगड, आणि पाडलेल्या बांधकामाचं डेब्रिज. सिमेंट-चुन्याच्या या राड्यामुळे माती अल्कधर्मी होते, आणि मग लोह, मँगनीज ही सूक्ष्म अन्नद्रव्यं मातीत असूनही मुळांना मिळत नाहीत. खाली खारा ओलावा, वर चुनखडीचा भराव आणि मधे सजावटीपुरता अंथरलेला फूटभर लाल मातीचा थर. गेटावरच्या पामाला ही जमीन मिळते.

वरून हवा. ठाणे जिल्ह्यात वर्षाला साधारण अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो सगळा चार महिन्यांत. मग ऑक्टोबरपासून जूनपर्यंत जवळजवळ थेंब नाही. युरोपातले बागवाले पामाचा काटकपणा थंडीवर मोजतात. चीनमधला चुसान पाम बर्फ सोसतो म्हणून इंग्लंडमधल्या घरांपुढे तो दिसतो. आपल्याकडे कुमाऊंत, पिथोरागढच्या थलकेदार डोंगरावर, त्याचाच एक भाऊबंद हिवाळ्यातलं हिम सोसत उभा असतो. आपल्याला त्या काटकपणाचा उपयोग नाही. इथे पाम कस लावून पाहायचा तो जुलैत आठवडाभर पाण्यात उभं राहण्यावर, मे महिन्यात तापलेल्या पेव्हर ब्लॉकच्या धगीवर, खाऱ्या मातीवर आणि रस्त्याच्या धुळीवर.

पामाची निगा चुकते ती बहुतेक वेळा एका गैरसमजातून. आपण त्याला आंबा-जांभळासारखं झाड समजतो. तसा तो नाही. आंब्याचा शेंडा छाटला तर दहा फांद्या फुटतात. एकखोडी पामाला वाढायला जागा एकच असते, शेंड्यातला कोंब. तो कोंब कुजला, किड्याने खाल्ला किंवा छाटला गेला की झाड संपलं. पानं आणखी काही महिने हिरवी दिसतील, पण नवं पान येणार नाही. म्हणून पाम पाहताना आधी मधली न उघडलेली सुई बघायची. ती ताठ आणि फिकट हिरवी असेल तर झाड बरं आहे. ती तपकिरी पडली, हलकेच ओढल्यावर हातात आली आणि बुडाला कुजका वास असला तर कोंबकूज झाली आहे. पावसाळ्यात हा रोग जोर धरतो.

दुसरी गोष्ट खोडाची. आंब्याच्या खोडाला साल असते, सालीखाली वाढीचा थर असतो, जखम झाली तर तो थर ती हळूहळू मिटवतो. पामाला हा थर नाही. ठोकलेला खिळा, कोयत्याचा घाव, लोखंडी जाळीने कापलेली खाच, सगळं जन्मभर तसंच राहतं. एकदा बनलेलं खोड पुढे फारसं जाडही होत नाही. त्यामुळे रॉयल पामचं खोड जवळ जाऊन पाहिलं तर त्याचा सगळा इतिहास वाचता येतो. त्यावरचं प्रत्येक वळं म्हणजे गळून पडलेलं एक पान. वळी अंतराअंतराने असतील तर ते दिवस सुखाचे. वळी एकमेकांना चिकटून आली आणि त्याच जागी खोड बारीक झालं, तर समजा की त्या वर्षी झाड नर्सरीतून उपटून इथे आणलं होतं, किंवा बोअरचं पाणी आटलं होतं, किंवा कुणी त्याच्या बुंध्याशी काँक्रीट ओतलं होतं. पुढे कितीही खत घातलं तरी ती बारीक कंबर भरून येत नाही.

म्हणूनच दिवाळीच्या तोंडावर एक कळकळीची विनंती करतो. रोषणाईच्या माळा पामाच्या खोडाला खिळ्यांनी ठोकू नका. आंब्याला खिळा मारणंही वाईटच, पण आंबा निदान ती जखम भरून काढू शकतो. माळ गुंडाळायचीच असेल तर सैल गुंडाळा आणि भाऊबीज झाली की उतरवा. कित्येक सोसायट्यांत ती होळीपर्यंत तशीच असते. झाडांवरच्या रोषणाईचा हा प्रश्न २०२४ मध्ये ठाण्यातून जनहित याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला, इतका तो गंभीर आहे.

आता छाटणी. पावसाळ्याआधी ‘पाम साफ करून द्या’ म्हणून माणूस वर चढवला जातो आणि तो पिवळ्या पानांबरोबर हिरवी पानंही उतरवतो. खाली उतरतो तेव्हा शेंड्यावर चार-पाच उभी पानं तेवढी उरलेली असतात. लोकांना ते नीटनेटकं वाटतं. झाडाची मात्र उपासमार सुरू होते. पामाला पालाश कमी पडला की तो जुन्या पानांतला पालाश काढून घेऊन नव्या पानांना पुरवतो. जुनी पानं नारिंगी-पिवळी ठिपकेदार होतात ती या कारणाने. ती कापून टाकली की झाड आणखी वरच्या पानांतून पालाश काढू लागतं आणि दर छाटणीगणिक शेंडा लहान होत जातो. नियम सोपा आहे. जमिनीला समांतर असलेल्या पानांपर्यंत हात लावायचा नाही. पूर्ण वाळून खाली लोंबणारी तेवढीच काढायची. रॉयल आणि फॉक्सटेल यांची वाळलेली पानं तर देठाच्या हिरव्या वेष्टनासकट आपोआप गळतात. त्यासाठी कुणाला वर चढवायची गरजच नसते. मात्र रॉयल पामचं पान तीन-चार मीटर लांब आणि चांगलं वजनदार असतं. त्याच्याखाली गाड्या लावू नयेत आणि मुलांचा झोपाळा टांगू नये.

खताबाबत आपल्याकडे उत्तम मार्गदर्शक हाताशी असताना आपण परदेशी डबे विकत आणतो. दापोलीचं कोकण कृषी विद्यापीठ १९७२ पासून आहे आणि माडाच्या निगेबद्दल त्याच्या शिफारशी कोकणातल्या बागायतदारांना पाठ आहेत. पाच वर्षांवरच्या माडाला वर्षाला ५० किलो शेणखत, सव्वादोन किलो युरिया, ३ किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि २ किलो म्युरेट ऑफ पोटॅश. हिशेब केला तर नत्र साधारण एक किलो आणि पालाश त्याहून जास्त, सव्वा किलोच्या आसपास जातो. गेटावरच्या पामाकडून आपल्याला नारळ नको असतात, तेव्हा एवढी मात्रा लागत नाही. तिसरा-चौथा हिस्सा पुरे. पण प्रमाण लक्षात ठेवायचं ते हेच, पालाश नत्रापेक्षा कमी नको. नुसता युरिया टाकून पान हिरवंगार करण्याचा मोह माळ्यांना होतो. त्याने पालाशाची टंचाई आणखी वाढते. नवी पानं आखूड, चुरगळलेली, कडेने करपलेली निघू लागली तर तो मँगनीजचा अभाव, आणि डेब्रिजच्या भरावात तो हटकून दिसतो. पानांच्या टोकाशी आकडे पडले, पाती एकमेकींना चिकटून राहिली तर बोरॉन कमी आहे.

यापुढचा भाग भुंग्यांचा, आणि इथे थोडं थांबायला हवं.

पामाचे दोन वैरी कोकणात पिढ्यान्‌पिढ्या ओळखीचे आहेत. गेंड्या भुंगा काळा, डोक्यावर शिंग असलेला. तो शेंड्यात शिरून न उघडलेली सुई कुरतडतो. आठवड्या-दोन आठवड्यांनी ते पान उघडतं तेव्हा दोन्ही बाजूंनी कात्रीने त्रिकोण कापल्यासारखं दिसतं. ती खूण एकदा पाहिली की विसरत नाही. दुसरा सोंड्या भुंगा, तांबूस, लांब सोंडेचा. तो खोडावरच्या जखमेत अंडी घालतो. अळ्या खोड आतून पोखरतात आणि बाहेरून महिनोन्‌महिने काही कळत नाही. खोडाच्या भोकातून तपकिरी चिकट द्रव झिरपू लागला, भोकापाशी चावलेला चोथा दिसला, किंवा खोडाला कान लावल्यावर आत कुरकुर ऐकू आली, तर तो आत आहे. हा सोंड्या मूळचा आपल्याच भागातला, दक्षिण आशियातला. १९८० च्या दशकात तो आखातात पोहोचला आणि खजुराच्या बागांचं मोठं नुकसान करत नव्वदीत भूमध्य समुद्राच्या काठापर्यंत गेला. लावायला नेलेल्या पामांच्या खोडांत लपून त्याने हा प्रवास केला. तेव्हा नर्सरीतून मोठा पाम आणताना खोड आधी नीट तपासून घ्या.

गेंड्या भुंग्याची पैदास कुठे होते हे सोसायट्यांना सहसा ठाऊक नसतं. कुजक्या शेणखतात, पालापाचोळ्याच्या ढिगात आणि ओल्या कचऱ्याच्या खड्ड्यात. ओला कचरा आवारातच जिरवणं चांगलंच आहे, ते सोडू नका. पण खड्डा पामांपासून दूर ठेवा, दर महिन्या-दोन महिन्यांनी उलथापालथ करा, अंगठ्याएवढ्या जाड, पांढऱ्या, गोल वळलेल्या अळ्या दिसल्या की वेचून काढा. मेटारायझियम नावाची हिरवी बुरशी खतात मिसळली तर त्या अळ्या मरतात, आणि ती कृषी सेवा केंद्रांत मिळते. शेंड्यात शिरलेला भुंगा कोकणातले माडकरी लोखंडी आकड्याने ओढून काढतात. नंतर वरच्या पानांच्या बेचक्यांत वाळू आणि निंबोळी पेंड भरतात. सोंड्यासाठी गंधाचे सापळे मिळतात, पण ते पामाला टांगायचे नाहीत. सापळ्याचा वास भुंग्याला झाडापर्यंत आणतो. सापळा पामांपासून लांब, कुंपणाशी लावावा.

२०१७ च्या जुलैत मुंबईत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचं झाड कोसळलं आणि त्यात तिचा जीव गेला. झाड काढावं अशी मागणी तिथल्या एका रहिवाशाने आधी केली होती. त्या घटनेनंतर अनेकांनी आवारातले माड सरसकट काढायची भाषा सुरू केली. मला ते पटत नाही. निरोगी पाम वादळातही सहसा तग धरतो, कारण त्याला पसरट फांद्यांचं ओझं नसतं. कोसळतो तो पोखरलेला किंवा बुडाशी कुजलेला पाम. म्हणून उंच पामांची तपासणी दरवर्षी मे महिन्यात, जाणत्या माणसाकडून करून घेणं एवढंच गरजेचं आहे, आणि त्याला फार खर्च येत नाही.

मग लावायचं काय? नर्सरीतले पाम वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. आपण ज्याला बॉटल पाम म्हणतो तो बहुतेक वेळा क्यूबा-फ्लोरिडाकडचा रॉयल पाम असतो. खोल माती आणि भरपूर पाणी असेल तर तो देखणा वाढतो. अरेका मादागास्करचा, सावलीत आणि कुंडीत सुखी, पण कोपरच्या उघड्या उन्हात त्याची पानं पिवळी पडतात. फॉक्सटेलची कथा विलक्षण आहे. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये केप मेलव्हिल नावाच्या दुर्गम, दगडी भागात तो वाढतो. १९८३ मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन झालं आणि त्याच्या प्रजातीला (जीनसला) तिथल्या एका आदिवासी वृद्धाचं, वोडयेटीचं, नाव मिळालं. पाहता पाहता तो नर्सऱ्यांमार्फत जगभर पसरला. दगडातून निचरा होणाऱ्या जमिनीत वाढलेलं हे झाड आपण खाजणावरच्या पाणथळ भरावात लावतो. ते कुरबुरतं यात नवल नाही.

शिंदी मात्र इथलीच. दिवा-वसई मार्गाच्या दोन्ही बाजूंना, खाचरांच्या बांधांवर, पाणी साचलेल्या डबक्यांच्या कडेला ती अजून उभी दिसते. तिला खारं पाणी चालतं, पुराचं पाणी चालतं, मे महिन्याची कोरड चालते. दहा-बारा मीटर उंची, निळसर-राखी झाक असलेल्या पानांचा गोल गच्च शेंडा, आणि खोडावर जुन्या देठांच्या खुंटांची चौकटीदार नक्षी. जवळून पाहिलं तर त्या खुंटांच्या बेचक्यांत साठलेल्या चिमूटभर मातीत नेचे उगवलेले असतात, एखाद्या बेचक्यात पक्ष्याने टाकलेल्या बीपासून आलेलं पिंपळाचं बोटभर रोप असतं. बागेतल्या शिंदीवर हे रोप लहान असतानाच काढायचं. मोठं झालं की ते शिंदीला गिळतं. नर आणि मादी झाडं वेगळी असतात. मादीला पावसाळ्याच्या आगेमागे शेंदरी-पिवळ्या शिंदोळ्यांचे घोस लागतात. गर थोडाच, पण बुलबुल, कोकीळ आणि वटवाघळं त्यावर तुटून पडतात. पानांच्या टोकांना सुगरणींची घरटी लोंबतात. रस काढण्यासाठी मानेशी वर्षाआड आलटूनपालटून खाचा घेतलेली जुनी शिंदी नागमोडी वाढलेली दिसते.

हीच शिंदी अमेरिकेत फ्लोरिडातल्या बागा सजवणाऱ्यांची लाडकी आहे. तिथे तिला सिल्व्हेस्टर पाम म्हणतात. हॉटेलांच्या आणि महागड्या घरांच्या दारात ती ओळीने लावतात, आणि पूर्ण वाढलेल्या झाडाला घसघशीत किंमत मोजतात. आपल्याकडे भराव टाकायला आलेला जेसीबी तिला पहिल्याच दिवशी आडवी करतो. आणि त्याच जागी पुढे फॉक्सटेल विकत आणले जातात. हे मला बघवत नाही.

तिचा एक दोष सांगायला हवा. पानाच्या देठाशी असलेल्या पात्यांचे लांब, सुईसारखे टोकदार काटे होतात. मुलं खेळतात तिथे, पायवाटेच्या अगदी कडेला ती नको. कुंपणालगत, वाटेपासून तीन मीटर आत लावावी. छाटणाऱ्याला चामडी हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा द्यावा.

काटे नकोच असतील आणि जागा सखल नसेल, तर भेर्ली माड. सह्याद्रीच्या घळींतलं हे झाड. त्याची पानं दुहेरी विभागलेली, माशाच्या शेपटीसारख्या तुकड्यांची. कोकणात मांडवाच्या सजावटीला या झावळ्या वापरतात. लहानपणी त्याला थोडी सावली आवडते, म्हणून दोन इमारतींमधल्या जागेत तो छान येतो. पण लावताना एक गोष्ट मान्य करून लावायचा. पंधरा-वीस वर्षांनी तो फुलावर येतो, वरून खाली एकेक करत जटांसारखे लांब तुरे सोडत काही वर्षं फुलतो आणि शेवटचा तुरा झाला की मरतो. म्हणून तो फुलू लागला की शेजारी दुसरा लावून ठेवावा. त्याची फळं हाताळली तर प्रचंड खाज सुटते. उदमांजरं मात्र ती आवडीने खातात.

कायद्याचंही थोडं सांगतो. महाराष्ट्रातल्या शहरांत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही. पामही त्याला अपवाद नाही. गोव्यात २०१६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून माडाला झाडाच्या व्याख्येतून वगळलं होतं. लोक खवळले, आणि पुढच्याच वर्षी माडाला त्याचं स्थान परत मिळालं.

लावणीची वेळ पहिला दमदार पाऊस पडून गेल्यानंतरची. खड्डा तीन फूट लांब, रुंद, खोल. डेब्रिज निघालं तर ते खड्ड्याबाहेर टाका, परत भरू नका. माती, शेणखत आणि थोडी वाळू एवढं पुरे. रोप नर्सरीच्या पिशवीत ज्या पातळीवर होतं त्याच पातळीवर बसवा. खोल लावलं की बुड कुजतं. बुंध्याभोवती निदान दोन फुटांचं आळं मोकळं ठेवा, पेव्हर ब्लॉक तिथवर आणू नका. आधाराची काठी आणि दोरी वर्षभरात सोडा. पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून दोनदा पाणी. पुढे शिंदीला तुमची फारशी गरज लागत नाही.

कोपर, आयरे, भोपर, मोठागाव या पट्ट्यात बांधकामाच्या आड येणारी जुनी शिंदी तुमच्या पाहण्यात आली तर एक करा. पामाची मुळं तंतुमय असतात, सोटमूळ नसतं, त्यामुळे पुरेसा मोठा मातीचा गोळा ठेवून पूर्ण वाढलेलं झाडही क्रेनने हलवता येतं. फ्लोरिडात हे रोजचं काम आहे. बिल्डरला आणि वृक्ष प्राधिकरणाला लेखी पत्र द्या, जूनच्या आधी द्या, आणि ती शिंदी त्याच प्रकल्पाच्या गेटापाशी लावण्याची मागणी करा.